किल्ली खिशात असली तरी पंखा जिवंतच समजा

ओझरला विमानं बनवणारी एचएएल, गांधीनगरला लष्कराची हेलिकॉप्टरं. विमानांचा आवाज ऐकत मोठी झालेली आपली नाशिकची पोरं पुढे कुणी एएमईला, म्हणजे विमान दुरुस्तीच्या कोर्सला जातात, कुणी सीपीएलसाठी, म्हणजे पायलटच्या लायसन्ससाठी धुळे-बारामती गाठतात. तिथे दोन सीटच्या विमानाची बॅटरी कधीतरी बसते आणि कुणीतरी म्हणतं, "चल, हाताने पंखा मारू." म्हणजे प्रोपेलर हाताने फिरवून इंजिन चालू करू.

नवीन असाल तर सरळ नाही म्हणा. सांगणारा सीनियर असला तरीही. हे काम शिकवलेल्या माणसाचं आहे, ते व्हिडिओ बघून येत नाही.

"पण दादा, किल्ली तर माझ्या खिशात आहे," हे मी नेहमी ऐकतो. लायकमिंग, कॉन्टिनेंटल कंपन्यांच्या इंजिनांत इंधन पेटवणारी ठिणगी मॅग्नेटो देतो, आणि त्याला बॅटरी लागतच नाही. किल्ली बंद केली की मॅग्नेटो फक्त अर्थ होतो, म्हणजे त्याची वायर इंजिनाच्या धातूला जोडली जाते आणि ठिणगी थांबते. घरातली वायर तुटली की दिवा विझतो. इथे अर्थची वायर तुटली तर ठिणगी चालूच राहते. त्यात बऱ्याच मॅग्नेटोंना इम्पल्स कपलिंग, म्हणजे स्प्रिंगचा जोड असतो. पंखा हळू फिरवतानाही आतून 'टक्क' ऐकू येतं, तेव्हा स्प्रिंग सुटून मॅग्नेटोला झटका बसलेला असतो, म्हणजे हळू फिरवूनही ठिणगी पडू शकते. सिलिंडरमध्ये थोडं इंधन उरलेलं असेल तर तेवढ्यावर पातं फिरतं. म्हणून पुसताना किंवा विमान ढकलतानाही पात्याच्या फिरण्याच्या रेषेत डोकं, हात आणायचा नाही.

मायक्रोलाइटवाल्यांनो (छोटी हलकी विमानं उडवणाऱ्यांनो), रोटॅक्स इंजिनात तेल मोजण्याआधी तेलाच्या टाकीतून गुडगुड ऐकू येईपर्यंत पंखा हाताने फिरवता ना? तिथे असा मॅग्नेटो नसला तरी शिस्त हीच, आणि फिरवायचा तो नेहमीच्या दिशेनेच.

जाणकार माणूस हाताने चालू करतो तेव्हा त्याच्या हातांपेक्षा कॉकपिटमध्ये कोण बसलंय ते आधी बघा. तिथे ब्रेक, थ्रॉटल, स्विच कळणारा माणूसच हवा. रिकामं विमान जास्त थ्रॉटलवर सुरू झालं की ते स्वतःच चालू लागतं. चाकांना चॉक, म्हणजे अडकण लावलेली, शेपूट दोरीने बांधलेली. बाहेरचा विचारतो, "स्विच ऑफ?" आतला बघून तेच परत म्हणतो. 'काँटॅक्ट', म्हणजे स्विच ऑन, त्यानंतर. आपसात भाषा कुठलीही वापरा, पण ती आधी ठरलेली हवी.

तळहात पात्यावर सपाट ठेवायचे. बोटं मागच्या कडेभोवती अडकवली आणि इंजिनाने उलटा झटका दिला, तर हात सुटत नाही. खाली ओढतानाच शरीर मागे जायला हवं. पाय हवेत उडवून जोर लावणारा तोल जाऊन पुढेच येतो. गळ्यातलं आयकार्ड, ओढणी, कडं आधी काढून ठेवा. डिसेंबरात निफाडच्या बाजूला पहाटे गवतावर जसं दव असतं, तशा ओल्या जमिनीवर किंवा खडीवर तर उभंच राहू नका.

इंजिन सुरू झालं की मिनिटाला ७००-८०० फेऱ्यांवरही पाती दिसेनाशी होतात. चॉक काढायला पंख्याच्या बाजूने नाही, मागून यायचं.

आणि एवढं करून मिळतं काय? बॅटरी पार बसलेली असेल तर अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मिळत नाही, तो चार्ज करेलच असं नाही. रेडिओही बंद. त्यापेक्षा बॅटरी काढा, चार्जिंगला लावा आणि ती का बसली ते टेक्निशियनला बघू द्या. तेवढ्यात चहा होतो.