जीअँट४-डीएनएमध्ये डीएनएच्या तुटी मोजताना

जीअँट४-डीएनए हे किरणोत्सर्गाच्या कणांचा प्रवास आणि त्यांनी डीएनएला केलेले नुकसान संगणकावर अनुकरण करणारे सॉफ्टवेअर. त्यात माध्यम द्रवरूप पाणी, म्हणजे ‘जी४_वॉटर’च ठेवा. नेहमीच्या विद्युतचुंबकीय भौतिकीत अनेक टकरी एकाच पावलात गुंडाळल्या जातात. २ नॅनोमीटर जाडीच्या डीएनएसाठी ते निरुपयोगी. त्यापेक्षा प्रत्येक टक्कर वेगळी मोजणाऱ्या डीएनए भौतिकीचा पर्याय २ किंवा ४ घ्या.

साखर-फॉस्फेट कण्यात जमा झालेल्या ऊर्जेची जागेनुसार बेरीज करा. १७.५ इलेक्ट्रॉनव्होल्ट ओलांडले की एक धागा तुटला. काही जण ५ ते ३७.५ इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत तुटीची शक्यता शून्यापासून एकपर्यंत सरळ रेषेत चढवतात. आकडे वेगळे येतात, म्हणून निकष निकालासोबत लिहाच. विरुद्ध धाग्यांवरच्या तुटी १० बेसजोड्यांच्या आत असतील तर ती दुहेरी तूट. प्रत्येक इव्हेंट (म्हणजे एका मूळ कणाचा पूर्ण प्रवास) स्वतंत्र धरत असाल, तर प्रत्येकाच्या शेवटी तुटींची यादी रिकामी करा. नाहीतर जुन्या तुटी नव्यांशी जुळून दुहेरी तुटी उगाच फुगतात आणि आलेख मात्र छान दिसतो!

मग रसायन. किरणोत्सर्गाने पाणी फुटून तयार होणारी हायड्रॉक्सिल मूलके (अतिशय क्रियाशील रेणू-तुकडे) पेशीत काही नॅनोसेकंदच टिकतात. त्यांना १ मायक्रोसेकंद मोकळे सोडले तर अप्रत्यक्ष, म्हणजे या मूलकांमुळे होणारे, नुकसान अवास्तव वाढते.

समांतर जॉबना वेगवेगळे सीड (यादृच्छिक आकड्यांच्या मालिकेचा सुरुवातीचा आकडा) द्या. १०० दुहेरी तुटी मिळाल्या तरी सांख्यिकी अनिश्चितता सुमारे १०% असते.