अर्थिंग तपासायला इन्स्पेक्टर येणार असतील तर आधी घरातले सॉकेट उघडा

कागदांचं फार टेन्शन घेऊ नका. लायसन्सवाल्या काँट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट, मंजूर लोडचा कागद आणि अर्थ पिटच्या (अर्थिंगचा इलेक्ट्रोड पुरलेला खड्डा) रेझिस्टन्स रीडिंगचं रजिस्टर एका फाइलमध्ये लावा, झालं. पिटचं झाकण निघतंय का बघा, क्लॅम्पचा गंज घासून काढा. आदल्या रात्री पिटमध्ये मीठ आणि बादल्या ओतायचा सल्ला सगळे देतात, तो अजिबात ऐकू नका. पावसाळ्यात जमीन ओली असते तेव्हा रीडिंग चांगलंच येतं, खरी परीक्षा मे महिन्यात, म्हणून रजिस्टरमध्ये मेचं रीडिंग हवंच.

आता खरी अडचण, आणि मलाही हे समजायला वेळ लागला. जुन्या चाळीत, जुन्या बिल्डिंगमध्ये बऱ्याच ठिकाणी खोलीपर्यंत अर्थची वायर आलेलीच नसते, मग वायरमन थ्री-पिन सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात चार बोटांचा वायरचा तुकडा टाकतो. टेस्टरला फेज-अर्थमध्ये व्यवस्थित २३० व्होल्ट दिसतात, सगळे खूश. पण मागे कुठेतरी न्यूट्रल सुटला की गीझर चालू करताच त्याची बॉडीच लाइव्ह होते आणि माणूस ओल्या अंगाने तिथेच उभा असतो. "वीस वर्षं असंच चाललंय" म्हणणाऱ्या वायरमनला सरळ घरी पाठवा.

शोधायचं कसं? सगळे प्लग काढा, डबल पोल मेन स्विच बंद करा म्हणजे न्यूट्रलही तुटतो, मग लायसन्सवाल्या वायरमनला आधी सप्लाय खरंच बंद आहे हे तपासायला लावून प्रत्येक सॉकेटच्या न्यूट्रल-अर्थमध्ये मल्टिमीटरने कंटिन्युइटी, म्हणजे दोन्ही एकमेकांना जोडलेले आहेत का, बघायला सांगा. बीप वाजला की कुठेतरी जोड आहे, बहुतेक वेळा तोच तुकडा, सॉकेट उघडून बघा. तो काढून मीटर रूमपासून हिरवी वायर ओढा, दुसरा उपाय नाही. नळाच्या पाइपला जोडणं तर मुळीच नको, मध्ये प्लास्टिकचा तुकडा आला की संपलं. ३० मिलीअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच सप्लाय तोडणारा स्विच) बसवाच, पण अर्थच्या बदल्यात नाही, अर्थच्या जोडीला.

इन्स्पेक्टर आले की वायरमन सोबत ठेवा, वाद घालू नका, चहापाण्याचं तर नावच काढू नका. तोंडी "हे चालणार नाही" म्हणाले तर कुठल्या नियमाखाली ते नम्रपणे विचारा आणि शेरा लेखी मागा, लेखी असलं की तेवढंच काम करून पुन्हा तपासणीचा अर्ज देता येतो. भिंत बुजवायच्या आधी नव्या वायरचे फोटो काढून अर्जाला जोडा.