टीडीएस मीटर खिशात घालून फिरणाऱ्यांनो, जड पाण्याबाबत या चुका टाळा

लातुरात घरोघरी दोन पाणी असतात. एक नळाचं, मांजरा धरणातून येणारं, आणि एक बोअरचं. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून बोअर. आणि बोअर म्हटलं की काळ्या पाषाणातून मुरत आलेलं, कॅल्शियम-मॅग्नेशियम सोबत घेऊन आलेलं जड पाणी. बादलीला पांढरी कड, शॉवरची भोकं बुजलेली, अंगाला साबण लावला की फेसाऐवजी चिकट साय. गेली पंधरा वर्षं मी इथे गिझर आणि पाणी मऊ करणारे सॉफ्टनर दुरुस्त करतोय. मशीनच्या बिघाडापेक्षा लोकांनी स्वतः करून ठेवलेलं निस्तरण्यातच माझा जास्त वेळ जातो.

मीटरवरचा आकडा म्हणजे पाण्याची शुद्धता, असं समजणं

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार. ते मोजणारं पेनासारखं मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतं आणि ते हातात आलं की माणूस शास्त्रज्ञ होतो.

एक निवृत्त गुरुजी. नवं घर, नवा सॉफ्टनर, बसवणारा दुसराच. फोनवर आवाज चढलेला. "मिस्त्री, मशीन बोगस आहे. आधी ९१०, मशीनमधून आल्यावर ९२५. उलट वाढलाय!" गेलो तर मशीन दोन महिन्यांपासून बायपासला टाकलेलं. म्हणजे बोअरचं पाणी सरळ गिझरला. गिझर उघडला, तर कॉइलवर करंगळीएवढी जाड पांढरी साल चढलेली. कॉइलची उष्णता त्या सालीतून बाहेर पडेना, आतल्या आत तापून कॉइल फुटली होती.

त्यांना काय सांगितलं ते इथेही सांगतो. मीटर पाण्यातून वीज किती वाहते तेवढंच बघतं आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज बांधतं. क्षार कुठला, हे त्याला कळत नाही. सॉफ्टनर क्षार काढून टाकत नाही, अदलाबदल करतो. एक कॅल्शियम ठेवून घेतो आणि दोन सोडियम सोडतो. दोन सोडियमचं वजन एका कॅल्शियमपेक्षा थोडं जास्तच भरतं. त्यामुळे आकडा जवळपास तोच राहतो, कधी किंचित वाढतो, आणि मशीन मात्र एकदम ठीक असतं.

गुरुजींना हे पटेना. मग दोन रिकाम्या बाटल्या मागितल्या. एकीत बोअरचं पाणी, दुसरीत सॉफ्टनरचं, दोन्ही अर्ध्या. अंगाच्या साबणाचा हरभऱ्याएवढा कीस दोन्हीत टाकला आणि दहा-दहा वेळा हलवल्या. बोअरच्या बाटलीत दुधट पाणी आणि वर नासलेल्या दुधासारखे कण. दुसरीत गळ्यापर्यंत फेस. गुरुजी बराच वेळ दोन्ही बाटल्या खिडकीच्या उजेडात धरून बसले. मग म्हणाले, "कॉइलचे किती झाले?"

ही परीक्षा घरी करायची तर साबणच घ्या. शाम्पू किंवा कपड्यांची पावडर चालणार नाही, त्यांना जड पाण्यातही फेस येतो.

आकडेच हवे असतील तर पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलंय. दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायचं. टीडीएसची अशीच मर्यादा ५०० आणि २०००. हे दोन वेगळे रकाने आहेत. जंतू तर कुठल्याच मीटरवर दिसत नाहीत. ८० टीडीएसचं पाणी पिऊनही कावीळ होते.

डेमोला भुलणं

दारावर एक पोरगं येतं, टाय लावलेलं. टेबलावर दोन ग्लास ठेवतं, एक तुमच्या नळाचा, एक त्याच्या आरओचा, म्हणजे क्षार काढणाऱ्या फिल्टरचा. त्यांत चार सळ्यांचं यंत्र बुडवून बटण दाबतं. दोन मिनिटांत तुमच्या ग्लासात हिरवट-तपकिरी गाळ, आरओचा ग्लास जसाच्या तसा. "बघा मॅडम, हे पिताय तुम्ही!"

माझ्या मेव्हण्याच्या घरी हा कार्यक्रम चालू असताना मी नेमका चहाला बसलो होतो. वहिनींचा चेहरा उतरलेला, मेव्हणा चेकबुक शोधायला उठलेला. मी आतून चिमूटभर मीठ आणलं, आरओच्या ग्लासात टाकलं आणि म्हटलं, "आता लाव परत." तोही ग्लास तपकिरी झाला. त्या सळ्यांमध्ये लोखंडाच्या सळ्या असतात. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि लोखंड विरघळून गंजाचा गाळ होतो. घाण पाण्यातली नसतेच, सळईची असते. आरओच्या पाण्यात क्षार जवळपास नसतातच, तर वीज वाहणार कशी? पोरगं चहा अर्धा टाकून गेलं.

आरओ वाईट नाही. बोअरचंच पाणी प्यावं लागत असेल आणि टीडीएस हजाराच्या पुढे असेल तर मीही लावा म्हणतो. पण नळाचं पाणी पाचशेच्या आत असताना लावू नका. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये पाचशेच्या आतल्या पाण्याला आरओ नको असंच म्हटलं होतं. घरगुती मशीन एक लिटर देताना तीनेक लिटर मोरीत सोडतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी हे गाव प्यालं आहे. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होतं आणि ते बघायला स्टेशनवर गर्दी लोटली होती. त्याच गावात आता सांडपाण्याच्या पाईपखाली बादली ठेवायचाही लोकांना कंटाळा. मी ते पाणी फरशीला आणि संडासात वापरतो. कुंड्यांना घालत नाही, क्षार साठून माती पांढरी पडते.

बाकीच्या चुका

सॉफ्टनर सगळ्या घराला जोडणं. बाथरूम, गिझर, वॉशिंग मशीन एवढ्यांना पुरे. स्वयंपाकघराची लाईन वेगळी ठेवा, नाहीतर घरातला बीपीवाला माणूस दिवसभर सोडियम पितो. आणि मशीनला सोडियम पुरवणारं मीठ संपलं की सॉफ्टनर म्हणजे नुसता डबा. आमच्याकडे कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी मिठाची तारीख लिहिलेली असते. यूट्यूब बघून मशीन बसवणारे नेमकं हेच विसरतात.

गिझरमध्ये संडासाचं ॲसिड ओतणं. साल निघते, टाकीही जाते. मी कॉइल बाहेर काढून कोमट पाण्यात लिंबूसत्त्व घालून रात्रभर भिजत ठेवतो. वेळ लागतो, लागू द्या. थर्मोस्टॅट ५५ च्या वर नेऊ नका; पाणी जितकं तापेल तितका थर जास्त.

थर बसू नये म्हणून पाईपला चुंबक बांधणं. बांधलेल्या घरांतल्या कॉइलीही मी बदलल्यात.

तुरटी फिरवून पाणी मऊ झालं समजणं. तुरटीने गढूळपणा खाली बसतो. जडपणा जात नाही, जंतूही मरतात असं नाही.

उकळल्यावर तळाला पांढरं बसलं म्हणून पाणी फेकणं. ते पाण्यातलंच कॅल्शियम आहे. थोडा जडपणा असा उकळून खाली बसतो, बाकीचा उकळूनही हलत नाही. वरचं पाणी निथळून घ्या.

जड पाणी आणि घाण पाणी एकच समजणं. जडपणासाठी जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्याच्या कारणावरून मर्यादाच घातलेली नाही. मुतखड्याला लोक पाण्यातले क्षार जबाबदार धरतात, पण दिवसभरात दोन तांबे पाणी पिणाऱ्याने आधी आपला तांब्या बघावा. खरी भीती वेगळीच. नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं तेव्हा रिकाम्या पाईपमध्ये फुटक्या जोडातून गटाराचं शिरलेलं असतं, आणि वर लोक नळाला थेट मोटर लावून ते ओढून घेतात. पहिली दहा मिनिटं पाणी सोडून द्या, पिण्याच्या पाण्यात मेडिक्लोर, म्हणजे जंतू मारणारं क्लोरीनचं औषध, टाका. मोटर लावणाऱ्या शेजाऱ्याशी भांडा, मी भांडतो.

आणि घरात तान्हं मूल असेल तर बोअरचं पाणी उकळून त्यात पावडरचं दूध कालवू नका. बोअर शोषखड्याजवळ असेल तर पाण्यात तान्ह्याला घातक असं नायट्रेट असू शकतं. त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, आणि उकळून ते जात नाही, पाणी आटतं तसं वाढतं. आधी तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा आहे. फक्त नमुना कोल्ड्रिंकच्या बाटलीत नेऊ नका. क्षारांसाठी स्वच्छ बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा खंगाळून काठोकाठ भरा. जंतूंसाठी निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच मागून घ्या. ती खंगाळायची नाही, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची.