ट्रेलरच्या मुक्कामाला होडी कशी न्यावी: विदर्भातल्या तलाव-धरणांसाठी

होडीची नासधूस पाण्यात फार कमी वेळा होते. ती होते छतावर बांधताना, पांदणीतून नेताना आणि काठावरच्या काट्यांवर ओढताना. म्हणून पाण्याआधीच्या कामांवरच इथे जास्त भर दिला आहे.

कुठली होडी घ्यायची

गाडीमागे मुक्कामाचा ट्रेलर (ओढून न्यायची राहायची खोली) असेल तर पहिली पसंती हवेच्या कायाकला, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद, लांबट होडीला द्या. दोन माणसांची पीव्हीसीची कायाक साधारण १२ ते १८ किलो भरते आणि घडी केली की मोठ्या वळकटीएवढी होते. घेताना एकच गोष्ट नीट बघा: हवेचे कप्पे किमान तीन असावेत, दोन बाजूंचे दोन आणि तळाचा एक. एक फुटला तरी उरलेल्या दोघांवर काठ गाठता येतो. एकाच कप्प्याची खेळण्यातली होडी धरणाच्या पाण्यासाठी नाही.

कडक प्लॅस्टिकची एका माणसाची कायाक सुमारे ३ मीटर लांब आणि २२ ते २८ किलो असते. ती काट्याकुट्यांना दाद देत नाही, पण तिला जागा छतावरच. फायबरची उघडी होडी दोघांनाही उचलायला जड जाते आणि खुंटावर आपटली की तडकते. ढिवरांचा, म्हणजे इथल्या मासेमारांचा, लाकडी डोंगा विकत घेऊन गाडीवर न्यावा असं काहींना वाटतं. तसं करू नका. लाकूड उन्हात सुकलं की त्याला फटी पडतात, आणि मग त्यांतून पाणी आत येतं. डोंगा त्याच्या तलावावरच बरा.

वजनाचा हिशेब

होडी ट्रेलरच्या मागच्या बाजूला टांगण्याचा मोह होतो, कारण तिथे जागा मोकळी असते. नेमकी तीच जागा चुकीची. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार जोडणीच्या बॉलवर, म्हणजे ट्रेलर ज्यावर अडकतो त्या गाडीमागच्या गोळ्यावर, यायला हवा. ट्रेलर भरल्यावर ८०० किलोचा असेल तर ८० ते १२० किलो. आता २५ किलोची कायाक चाकांच्या आसापासून २ मीटर मागे टांगली आणि आसापासून बॉल ३ मीटर पुढे असला, तर बॉलवरचा सुमारे १७ किलो भार कमी होतो. ८० चे ६३ झाले की ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. ट्रकने ओव्हरटेक केलं की हे झोके वाढतात, आणि घाबरून ब्रेक मारला तर ट्रेलर गाडीलाच फिरवतो. झोके सुरू झालेच तर ॲक्सिलेटरवरून पाय हळूच काढा, स्टेअरिंग सरळ धरा आणि गाडी आपोआप मंदावू द्या.

हा भार मोजायला खास यंत्र लागत नाही. गावात धान्य मोजायचा मोठा वजनकाटा असतो, तो पुरतो. ट्रेलर सपाट जागी उभा करा, चाकांना पुढून-मागून दगड लावा, काट्यावर लाकडाचा ठोकळा ठेवा आणि बॉलवर बसणारा भाग त्या ठोकळ्यावर टेकवा. ट्रेलर पूर्ण आडवा, समतल असतानाच आकडा वाचा. पाण्याची टाकी, गॅस सिलिंडर, बॅटरी, धान्य, सगळं भरून झाल्यावर मोजा. रिकामा ट्रेलर मोजून काही कळत नाही. आकडा कमी आला तर जड सामान आसाच्या थोडं पुढे सरकवा. हवेच्या होडीची वळकटी ट्रेलरमध्ये आसाच्या बरोबर वर, ट्रेलरच्या तळावर ठेवा.

कडक होडी गाडीच्या छतावर घ्या. छताच्या वजनाची मर्यादा गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते, आणि कॅरिअरचं वजन त्यातच धरायचं असतं. ट्रेलरच्या मागे आणखी एक होडीचा गाडा जोडू नका. मागे घेताना दोन सांध्यांचा असा ताफा कोणाच्याही हातात राहत नाही.

छतावर बांधणं

२५ मिलिमीटर रुंदीचे, साध्या बकलचे दोन पट्टे पुरे होतात. ट्रकवाले वापरतात तो दात्यांचा रॅचेट पट्टा प्लॅस्टिकच्या कायाकला जास्त आवळतो. उन्हात प्लॅस्टिक मऊ पडलेलं असतं, तळाला खोलगट डाग बसतो आणि मग होडी पाण्यात एका बाजूला ओढते.

कॅरिअरच्या दांड्यांवर फोमच्या नळ्या बसवा. त्या नसतील तर सायकलच्या जुन्या ट्यूब उभ्या चिरून गुंडाळा. उघडी होडी पालथी ठेवा. पट्टा होडीवरून टाकून कॅरिअरच्या दांड्याखालून परत आणा, गाडीच्या दाराच्या कडेत अडकवू नका. पट्ट्याला मध्ये एक पीळ द्या, नाहीतर ६० च्या वेगाला तो असा घोंघावतो की आत बोलणं ऐकू येत नाही. नंतर होडीचं टोक पुढच्या आणि मागच्या टोइंग हुकला दोरीने बांधा. नायलॉनची दोरी ओली झाली की ताणते आणि सैल पडते, पॉलिस्टरची घ्या. निघाल्यावर १५-२० किलोमीटरवर थांबून सगळे पट्टे पुन्हा ओढा. खडबडीत रस्त्यावर होडी पहिल्या काही किलोमीटरातच बसते, आणि पट्टे त्याच वेळी ढिले होतात.

होडी गाडीच्या मागे, पुढे किंवा बाजूला बाहेर निघत नाही ना, हे बघा. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर बाहेर आलेल्या मालाला २०,००० रुपये दंड आहे.

एक तपासणी बहुतेक जण विसरतात. नाल्यावरच्या रपट्यात, म्हणजे रस्ता खाली उतरून पुन्हा वर चढतो तिथे, गाडी वर चढायला लागते तेव्हा ट्रेलर अजून खाली उतरत असतो. त्या क्षणी गाडीचं छत आणि ट्रेलरचं कपाळ जवळ येतात आणि होडीची शेपटी ट्रेलरच्या काचेवर बसते. पहिल्या रपट्यावर एकाने खाली उतरून बघावं. सपाट रस्त्यावर शेपटी आणि ट्रेलर यांच्यात किमान अर्धा मीटर अंतर हवं.

जागा आणि परवानगी

पेंचचं तोतलाडोह, बोर, काटेपूर्णा, नवेगाव बांध ही पाणी वनखात्याच्या संरक्षित क्षेत्रात येतात. स्वतःची होडी तिथे नेण्याचा बेत आखू नका. गोसीखुर्द, अप्पर वर्धा, बेंबळा यांसारख्या धरणांवर जलसंपदा विभागाच्या संबंधित कार्यालयाकडे आधी लेखी विचारा. धरणाच्या भिंतीजवळ, सांडव्याजवळ आणि कालव्याच्या तोंडाजवळ होडी कधीच नेऊ नका. गोसीखुर्दला ३३ दरवाजे आहेत; ते उघडले की खालचं पाणी वाढतं. पावसाळ्यात आणि त्यानंतर लगेच, खाली वैनगंगेच्या पात्रात उतरू नका.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतले माजी मालगुजारी तलाव, ज्यांना सगळे मामा तलाव म्हणतात, त्यांचं शांत पाणी शिकाऊ माणसाला फार चांगलं. पण त्यातली मासेमारी बहुधा गावच्या मच्छीमार सोसायटीकडे असते आणि शिंगाडा लावलेला असतो. आधी सोसायटीच्या माणसाला भेटा. जाळी कुठे लागली आहेत, खुंट कुठे बुडालेले आहेत आणि पाण्यात मगर दिसली आहे का, ही तीन उत्तरं त्याच्याकडेच मिळतात. ओळीत तरंगणाऱ्या रिकाम्या बाटल्या दिसल्या की खाली जाळं आहे असं समजा. त्यावरून होडी नेली तर वल्हं अडकतं, आणि जाळं फाटलं तर एखाद्याचा दिवसाचा रोजगार जातो.

इंजिन लावलेल्या होडीला अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ नुसार नोंदणी लागते. मुक्कामाच्या सहलीला वल्ह्याचीच होडी ठेवा.

ब्रह्मपुरी, सिंदेवाही आणि ताडोब्याच्या बफर भागात वाघ फिरतात, म्हणून तिथे काठावर उघड्यावर रात्र काढू नका. ट्रेलर गावालगत लावा, आणि पहाटेच्या अंधारात होडीकडे एकट्याने जाऊ नका.

काठापर्यंत

नोव्हेंबरनंतर पाणी मागे सरतं आणि मध्ये काळ्या मातीचा पट्टा उरतो. वरून ती भेगाळलेली, कोरडी दिसते. खाली लोणी असतं. सब्बल जमिनीवर उभी ठेवून अंगाचा भार द्या. ती वीतभर आत गेली तर गाडी तिथे न्यायची नाही. मुरमाच्या जागी थांबा आणि होडी हाताने न्या. ट्रेलर फिरवायला जागा आहे का, हे पांदणीत शिरण्याआधी पायी जाऊन बघा.

होडी ओढू नका, दोघांनी उचला. काठावर बाभळीचे काटे असतात, गोखरू असतं, आणि बेशरमच्या तुटक्या काड्या चाकूसारख्या टोकदार असतात. हवा भरायच्या जागी आधी पायाने चाचपून काटे काढा, त्यावर दोन पदर बारदाना आणि मग ताडपत्री.

कप्पे एकामागून एक पूर्ण भरू नका. आधी सगळे अर्धे भरा, मग प्रत्येक पूर्ण करा; नाहीतर मधल्या पडद्यावर ताण येतो. गाडीच्या टायरचा पंप इथे कामाचा नाही. त्याचा दाब जास्त पण हवा फार थोडी, तास जातो. होडीचा हातपंपच घ्या.

दाबाचा एक हिशेब लक्षात ठेवा. सकाळी २५ अंशांना ३ पीएसआय भरलेली होडी काठावर उन्हात राहिली आणि आतली हवा ५० अंशांवर गेली की दाब सुमारे ४.५ होतो. शिवण इथेच उसवते. म्हणून होडी पाण्याबाहेर काढली की थोडी हवा सोडा आणि ती सावलीत ठेवा. उलट दुपारी भरलेली होडी दुसऱ्या दिवशी पहाटेच्या थंडीत लुळी दिसते. ते पंक्चर नाही. हवा घाला आणि पुढे जा.

पाण्यावर

लाइफ जॅकेट प्रत्येकाने, पोहता येणाऱ्यानेही, काठावरच बांधायचं. खांद्यांना धरून वर उचलून बघा. ते कानापर्यंत सरकलं तर सैल आहे. मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच.

सकाळी लवकर निघा, ऊन चढून वारा सुटायच्या आत परत या. हवेची होडी पाण्यात कमी आणि वाऱ्यात जास्त असते. निघताना वाऱ्यासमोर जा, म्हणजे थकल्यावर वाराच परत आणतो. काठापासून १०० मीटरच्या आत राहा. गोसीखुर्दसारख्या जलाशयात बुडालेल्या झाडांचे शेंडे पाण्याखाली असतात; तिथे हवेची होडी नेऊ नका.

रात्री होडी पालथी ठेवली की तिच्याखाली विंचू, घोणस, मण्यार येऊन बसतात. सकाळी तिच्या एका बाजूला उभे राहून पलीकडची कड वर उचला, म्हणजे होडी तुमच्या आणि त्या जनावराच्या मध्ये राहते. आपल्याकडची कड उचलली तर ते सरळ पायावर येतं.

भोक पडलं तर

साबणाचं पाणी लावा, बुडबुडे येतील तिथे पेनाने खूण करा. सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन पीव्हीसीवर टिकत नाही. पीव्हीसीचा दोन भागांचा गोंद सोबत ठेवा. ठिगळ भोकाच्या चहूबाजूंनी ५ सेंटिमीटर मोठं आणि कोपरे गोल कापलेलं हवं. जागा कोरडी करून ॲसिटोनने पुसा. दोन्हीकडे पातळ थर लावा, ५ ते १० मिनिटं सुकू द्या, दुसरा थर द्या, मग मधून कडेकडे दाबत चिकटवा. त्यावर पाण्याने भरलेली कळशी ठेवा आणि २४ तास हवा भरू नका. घाई केली की ठिगळ कडेने उठतं, आणि ते काढून पुन्हा लावणं दुप्पट कठीण. कडक प्लॅस्टिकला साधा गोंद धरत नाही, ते वितळवून सांधावं लागतं.

घरी आल्यावर होडी पूर्ण कोरडी करा, टाल्कम पावडर भुरभुरा आणि सैल घडी घाला. कोठारात जमिनीवर ठेवू नका. धान्याच्या वासाने आलेले उंदीर पीव्हीसी कुरतडतात. घडी आढ्याला तारेने टांगून ठेवा.