जादुई गुन्ह्याचा तपास लिहिताय? या चुका टाळा

माझ्या पहिल्या फँटसी कादंबरीत तपासनीस बाईंनी तिसऱ्याच पानावर मयताचा आत्मा बोलावला. आत्म्यानं खुन्याचं नाव सांगून टाकलं. पुढच्या पानांत काय करायचं ते मला दोन वर्षं सुचलं नाही. शेवटी वही माळ्यावर गेली.

या प्रकारात लिहिणारे बहुतेक जण इथंच आपटतात. मंत्रानं धागा द्यावा, उत्तर देऊ नये. आत्मा बोलवायचाच तर वार पाठीमागून झालेला असू द्या, म्हणजे त्यानं कुणाला पाहिलेलंच नसेल. किंवा त्याला खोटं बोलू द्या, मुलाला वाचवायला जिवंतपणी बोलला असता तसं. खरं वदवणारा मंत्र असला तरी साक्षीदार त्याला जे खरं वाटतं तेच सांगणार. अंधारात भलत्यालाच ओळखलेला माणूसही अगदी प्रामाणिकपणे बोलत असतो.

चाचणी कधीच चुकत नाही

खऱ्या तपासात रक्ताचे डाग शोधायला वापरतात ते ल्युमिनॉल नावाचं रसायन घ्या. रक्तातल्या लोहामुळे ते अंधारात निळसर चमकतं. पण ब्लीचनं पुसलेल्या फरशीवरही चमकतं आणि तांब्याच्या संयुगांवरही. म्हणून ते ‘इथं रक्त असू शकेल’ एवढंच सांगतं, खात्रीसाठी दुसरी चाचणी लागते. तुमचं शाप शोधणारं चूर्णही असंच बेभरवशाचं हवं. समजा, शाप असेल तिथं ते जांभळं होतं. मग सुइणीनं बाळासाठी म्हटलेल्या रक्षामंत्रावरही ते जांभळं होऊ द्या. आता खोलीत तीन डाग आहेत: एक उंबरठ्यावर, एक पाळण्याखाली, एक पेल्याच्या काठावर, बरोबर ओठ टेकतो तिथं. आता तपासनिसाला डोकं चालवावंच लागेल, आणि वाचक त्यासाठीच तर आलाय!

तपासनीस स्वतःच जागा खराब करतो

फ्रान्समधल्या लिऑन शहरात १९१० साली पोलिसांची प्रयोगशाळा सुरू करणारे एडमंड लोकार्ड यांचं तत्त्व प्रसिद्ध आहे: दोन गोष्टी एकमेकींना लागल्या की दोन्हींचं काहीतरी एकमेकींवर राहतं. तपासनीसही याला अपवाद नाही. दारातच त्यानं उजेडाचा मंत्र म्हटला, तर त्याच्याच जादूचा थर सगळ्या खुणांवर बसला. त्याच्या हातात साधा कंदील द्या. मुद्देमालाचंही तेच. शापित अंगठी कुणी उचलली, कशात ठेवली, लाखेचं सील कुणी लावलं, हे कुठंतरी लिहिलेलं असू द्या.

कोर्ट विसरलं जातं

‘आरोपीची छाया येऊन मला छळते’ अशा साक्षी आजच्या अमेरिकेतल्या सेलममध्ये, चेटूक केल्याच्या खटल्यांत, १६९२ साली खरोखर ग्राह्य धरल्या गेल्या. एकोणीस जण फासावर गेले. पुढच्या जानेवारीत नव्या न्यायालयानं असा पुरावा मानायला नकार दिला आणि बहुतेक आरोपी सुटले. तुमच्या जगातही हा प्रश्न येणारच. खोलीतला जांभळा डाग तासाभरात विरला आणि तो फक्त तपासनिसानं पाहिला होता, तर समोरचा वकील त्याला सोडेल का? मला तर खुनापेक्षा ही उलटतपासणी लिहायला जास्त मजा येते.

कथा अडली असेल तर

मंत्र बाजूला ठेवा आणि प्रेताकडे बघा. जादूच्या जगातही मेलेलं शरीर ताठरतंच. साधारण दोन-चार तासांत जबड्यापासून सुरुवात होते, सर्वांग ताठायला बारा तासांच्या आसपास लागतात. उष्णतेत लवकर, थंडीत उशिरा. आता हे जादूच्या खुणेशी भिडवा. चूर्ण म्हणतं, शाप पहाटे पडला. सूर्य नुकताच वर आलाय, रात्र गारठ्याची होती, आणि प्रेत मात्र टाचेपर्यंत लाकडासारखं कडक. म्हणजे शाप पडला तेव्हा माणूस आधीच मेलेला होता. मेलेल्याला शाप देण्याची गरज कुणाला पडली?