पानात दिसलेली उडी बियांत शोधा

पीएचडीच्या पहिल्या वर्षी तंबाखूच्या पानांतून डीएनए काढून पीसीआर केला, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या भरपूर प्रती काढल्या, आणि तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर हवी होती ती लहान पट्टी दिसली. तंबाखूत घातलेला मक्याचा 'एसी' हा उडता जनुकघटक, म्हणजे डीएनएत जागा बदलू शकणारा तुकडा, मूळ जागेवरून उठला होता! त्या आनंदात मी तीच झाडं जपली. बी धरलं, पेरलं, आणि नव्या पिढीत बहुतेक सगळ्या रोपांत एसी जुन्याच जागी बसलेला.

पानात असंख्य पेशी असतात. त्यातल्या थोड्यांतून घटक निघाला तरी पीसीआरला पट्टी मिळते. पुढच्या पिढीत जायचं तर ज्या पेशींतून फूल आणि बी घडतं, त्यांत उडी पडायला हवी. या कामात नव्याने येणाऱ्यांना म्हणून सांगते, पानाची पट्टी ही फक्त सुरुवात समजा.

मला सगळ्यांत आवडते ती १९८९ची पद्धत. स्ट्रेप्टोमायसिन सहन करायला लावणाऱ्या जनुकात एसी अडकवलेला असतो, म्हणून ते जनुक बंद असतं. ते औषध घातलेल्या माध्यमावर तंबाखूचं बी टाकलं की बीजपत्रं (रोपाची पहिली पानं) पांढरी येतात, आणि एसी जिथून निघून गेला तिथे हिरवे ठिपके. उशिरा निघाला तर ठिपका बारीक, लवकर निघाला तर मोठा. रोप अख्खं हिरवं असेल तर बहुधा उडी आधीच्या पिढीतच पडलेली. मक्याच्या दाण्यांवरच्या ठिपक्यांतून उडते घटक शोधून काढणाऱ्या बार्बरा मॅक्लिंटॉक काय वाचत असतील, ते मला पहिली हिरवी नक्षी बघताना उमगलं.

झाड बदललं की मात्र हिशेब नव्याने मांडावा लागतो. १९८६ साली तंबाखूत उड्या मारताना दिसलेला हाच एसी अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या छोट्या रोपात फार क्वचित हलायचा. एसीला उडवणाऱ्या ट्रान्सपोझेज या प्रथिनाच्या जनुकाला ३५एस हा जोरकस प्रमोटर (जनुक चालू करणारा डीएनएचा भाग) जोडल्यावर तिथेही उड्या वाढल्या. भातात तो सुरुवातीला उडतो, पण पुढच्या पिढ्यांत अनेकदा गप्प होतो. त्यामुळे प्रत्येक पिढीचं बी वेगळ्या पाकिटात, आईबापांच्या क्रमांकासकट ठेवा. मी पहिल्या वर्षी दोन झाडांचं बी एकत्र केलं आणि तो शोध कायमचा बुडाला.

आणखी एक. एसी निघाला म्हणजे दूर गेलाच असं नाही. तो पुष्कळदा त्याच गुणसूत्रावर, जुन्या जागेच्या जवळच बसतो. रिकामी जागा दिसली की शेजारचा डीएनए वाचून नवी जागा पक्की करा, मगच त्या रोपाला नाव द्या.