शब्दकोडे सोडवावे कसे आणि उत्तर समजावून सांगावे कसे

बडोद्याच्या दांडिया बाजार, रावपुरा किंवा वाडी भागातील मराठी घरांत रोजचे शब्दकोडे सहसा एकट्याने सुटत नाही. पेन्सिल एकाच्या हाती असते, एखादी म्हण स्वयंपाकघरातून पुरवली जाते, पुराणातले नाव आजींकडून येते, आणि उत्तर लिहून झाले की गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकणारी नात विचारते, “पण आजोबा, हेच का?” शब्द कोड्याच्या चौकोनी घरांत बसला एवढ्यावरून कोडे सुटले असे मी मानत नाही. तो का बसला हे दोन वाक्यांत सांगता येत नसेल, तर तो बहुधा अंदाजाने बसवलेला असतो आणि असे अंदाज पुढच्या तीन शब्दांना घेऊन बुडतात. म्हणून येथे उकल आणि स्पष्टीकरण या दोन्ही गोष्टींचा एकत्रच विचार केला आहे.

सुरुवात अक्षरे मोजण्यापासून करावी. मराठी कोड्यात एका घरात एक पूर्ण अक्षर बसते. त्यात काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि जोडाक्षर सर्व काही येते. ‘महाराष्ट्र’ या शब्दाला चार घरे लागतात आणि शेवटचे ‘ष्ट्र’ एकाच घरात मावते. ‘स्वातंत्र्य’ तीन घरांत संपते. इंद्राच्या घोड्याचे भारदस्त नाव ‘उच्चैःश्रवा’ चारच घरे घेते. नवशिक्यांची गफलत बहुधा येथेच होते. ‘विद्यार्थी’ हा शब्द उच्चारताना मोठा वाटतो, म्हणून तीन घरांच्या जागेसाठी त्याचा विचारच केला जात नाही.

पहिल्या आडव्या शब्दापासूनच आरंभ करण्याचा हट्ट धरू नये. संपूर्ण यादी एकदा वाचून, ज्यांचे उत्तर एकच असू शकते असे संकेत आधी भरावेत. गाळलेल्या जागेची म्हण हा त्यातला सर्वांत भरवशाचा प्रकार होय. ‘नाचता येईना … वाकडे’ येथे ‘अंगण’ सोडून दुसरे काही येत नाही आणि ‘उथळ पाण्याला … फार’ येथील ‘खळखळाट’ तर एका दमात पाच घरे भरून देतो. याउलट ‘पृथ्वी’ असा एकच शब्द संकेत म्हणून दिला असेल आणि घरे दोन असतील, तर धरा, मही आणि रसा हे तिन्ही शब्द तेथे बसतात. असा संकेत छेद देणारे, म्हणजे आडव्या आणि उभ्या शब्दांत सामाईक असलेले, एखादे अक्षर हाती येईपर्यंत बाजूला ठेवावा.

हे छेदाचे अक्षर मराठीत फार मोलाचे असते. इंग्रजी कोड्यात एक छेद मिळाला तर सव्वीस अक्षरांपैकी एक ठरते. मराठीत नुसती बाराखडी धरली तरी अक्षरे चारशेच्या घरात जातात आणि जोडाक्षरे निराळीच. त्यामुळे ‘र्ती’ किंवा ‘न्य’ असे अक्षर एका घरात निश्चित झाले की शब्द जवळजवळ उघडाच पडतो. दोन छेदांपैकी एक निवडायचा झाल्यास जोडाक्षराचा किंवा ठसठशीत मात्रेचा छेद आधी सोडवावा. साध्या ‘र’ किंवा ‘त’चा नंतर सोडवला तरी चालतो. कोडे रचणाऱ्याची अडचण नेमकी याच्या उलट असते. आडवा आणि उभा असे दोन शब्द एका अक्षरावर जुळवायचे म्हणजे त्याला काना-मात्रा नसलेली साधी अक्षरे हवीत, आणि अशी अक्षरे संस्कृत पर्यायशब्दांत मुबलक मिळतात. शर, कर, गज, हय, नभ, जल, कनक, सदन, पवन हे शब्द बोलण्यात क्वचितच येतात, पण कोड्यांत रोज भेटतात, त्याचे कारण हेच आहे. ‘रस’ उलटा केला की ‘सर’ आणि ‘वन’ उलटे केले की ‘नव’ होते. असे शब्द तर कोडे रचणाऱ्याला फारच प्रिय असतात.

पर्यायशब्द पाठ करताना घरांच्या संख्येनुसार पाठ करावेत. कमळासाठी दोन घरांत पद्म, तीन घरांत पंकज, सरोज, अंबुज, राजीव, नलिनी आणि चार घरांत अरविंद. घोड्यासाठी दोन घरांत अश्व, हय, वारू, वाजी आणि तीन घरांत तुरंग. सूर्यासाठी दोन घरांत रवी, भानू, मित्र आणि तीन घरांत सविता, भास्कर, आदित्य. ‘मित्र’ म्हणजे सूर्य हे ठाऊक नसलेला माणूस त्या घरांशी बराच वेळ झगडतो. ‘रवी’ आणि ‘भानू’ येथे ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न येतो. मराठी लेखनाच्या प्रचलित नियमांप्रमाणे तत्सम (संस्कृतातून जसाच्या तसा आलेल्या) शब्दाच्या शेवटी येणारा इकार किंवा उकार दीर्घ लिहितात, परंतु तोच शब्द समासात आधी आला तर तो ऱ्हस्वच राहतो. म्हणून ‘रवी’ दीर्घ आणि ‘रविवार’ ऱ्हस्व. छेदाच्या घरात ‘वि’ आहे की ‘वी’ यावर दुसरा शब्द अवलंबून असल्यामुळे हा नियम कोड्यात प्रत्यक्ष उपयोगी पडतो. याच नियमामुळे हात या अर्थाचा संस्कृत ‘पाणि’ मराठीत ‘चक्रपाणी’मध्ये जलवाचक ‘पाणी’सारखाच दिसू लागतो, आणि मिस्कील कोडेकार त्याचा फायदा घेतल्याशिवाय राहत नाही.

बडोद्यातील सोडवणाऱ्यापुढे आणखी एक अडचण असते, जी पुण्याच्या वाचकाला जाणवतही नाही. आपल्या तोंडी गुजराती शब्द इतके रुळलेले असतात की ते मराठी कोड्यात नकळत शिरतात आणि घरांच्या संख्येतही तंतोतंत बसतात. ‘कच्चा आंबा’ या दोन घरांच्या संकेताला ‘केरी’ लिहिले जाते. मराठीत तो शब्द ‘कैरी’ आहे, आणि गुजरातीत तर पिकलेल्या आंब्यालाही केरीच म्हणतात. ‘कुलूप’ या संकेताला ‘ताळुं’च्या सवयीने ‘ताळे’ सुचते, तेथे ‘टाळे’ हवे असते. ‘लवण’ या संकेताला ‘मीठुं’ आणि ‘मीठ’ हे दोन्ही दोन घरांचेच असल्याने चूक लवकर लक्षात येत नाही. ती उघडी पडते ती ‘ठ’वरून खाली उतरणारा शब्द जुळेनासा झाल्यावर. एखादा कोपरा अकारण अडला असेल, तर त्यातला प्रत्येक शब्द मराठी आहे ना, हे आधी तपासावे.

आता एक उदाहरण जवळून पाहू. संकेत आहे ‘दशरथाची सून’ आणि घरे तीन. सीता दोन घरांची आणि श्रुतकीर्ती चार घरांची, म्हणून दोघीही बाद. उरल्या ऊर्मिला आणि मांडवी; दोघींचीही अक्षरे तीनच. येथे पेन्सिल खाली ठेवून छेद पाहावेत. शेवटच्या घरातून खाली जाणारा दोन घरांचा शब्द ‘सरस्वतीच्या हातातील वाद्य’ असा दिला असेल तर ती वीणा, म्हणजे शेवटचे अक्षर ‘वी’, आणि उत्तर मांडवी. पहिल्या घरातून उतरणारा ‘उंदराचा शत्रू’ हा शब्द ‘मांजर’ निघाला, म्हणजे अनुस्वारासकट पडताळा मिळाला.

समजावण्याचे काम यानंतर सुरू होते आणि या शब्दाच्या बाबतीत ते फार रंगते. पहिले वाक्य संकेताला चिकटून असावे: मांडवी ही भरताची पत्नी. दुसऱ्या वाक्यात गोंधळाचे कारण दूर करावे: ऊर्मिला ही जनकाची मुलगी, तर मांडवी आणि श्रुतकीर्ती या जनकाचा भाऊ कुशध्वज याच्या मुली. रामायणापुरते एवढे पुरते. परंतु बडोद्यातील मूल मांडवी म्हटल्यावर रामायणाकडे जातच नाही, ते थेट जुन्या शहराच्या मध्यभागी असलेल्या, चारही बाजूंनी कमानी असलेल्या मांडवीपाशी पोहोचते, जेथून लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट या चार दरवाजांकडे रस्ते जातात. त्या इमारतीचे नाव भरताच्या पत्नीवरून आलेले नाही. जकात वसूल करण्याच्या ठाण्याला जुन्या मराठीत मांडवी म्हणत. पणजी जिच्या काठी वसली आहे ती गोव्यातील नदी तिसरी मांडवी. तिन्ही अर्थ सांगावेत, मात्र आजच्या संकेताला कोणता लागू होतो ते आधी सांगून मग बाकीचे सांगावेत. क्रम उलटला की ऐकणाऱ्याच्या डोक्यात तिन्हींची खिचडी होते.

सारख्या घरसंख्येच्या जोड्या स्वतंत्रपणे लक्षात ठेवाव्यात. कृष्णाचा शंख पांचजन्य आणि अर्जुनाचा देवदत्त, दोन्ही चार अक्षरी. गीतेच्या पहिल्याच अध्यायात हे शंख एकापाठोपाठ येतात: भीमाचा पौंड्र, युधिष्ठिराचा अनंतविजय, नकुलाचा सुघोष आणि सहदेवाचा मणिपुष्पक. यांपैकी देवदत्त दुहेरी आहे, कारण गौतम बुद्धांच्या चुलतभावाचे नावही तेच होते.

बडोद्याच्या इतिहासावरील संकेत आले की आपण निर्धास्त होतो, आणि तेथेच अधिक सावध राहावे लागते. ‘मूळ नाव गोपाळराव असलेले बडोदेनरेश’ याचे पाच अक्षरी उत्तर सयाजीराव, हे कोणीही सांगेल. समजावताना मात्र असे म्हणावे: १८६३ मध्ये नाशिक जिल्ह्यातील कवळाणे येथे जन्मलेल्या या मुलाला १८७५ मध्ये दत्तक घेतले ते बडोद्याचे आधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा पत्नी जमनाबाई यांनी; आणि ज्यांना पदच्युत केल्यामुळे गादी रिकामी झाली ते मल्हारराव हे खंडेरावांचे भाऊ. राज्याचे पूर्ण अधिकार सयाजीरावांना १८८१ मध्ये मिळाले. मल्हाररावांनंतर सयाजीराव गादीवर आले म्हणून ते मल्हाररावांचे पुत्र, असे अनेक जण धरून चालतात. दत्तकविधानाचे एक वाक्य सांगितले की ही चूक होत नाही आणि सयाजीरावांच्या काळात उभ्या राहिलेल्या मंडईला खंडेराव मार्केट हे नाव का, याचाही उलगडा होतो.

सनांची माहिती एका वर्षाभोवती गुंफून सांगितल्यास ती टिकते. १९१३ हे वर्ष घ्या. त्या वर्षी मे महिन्यात मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला आणि तो निर्माण करणारे दादासाहेब फाळके हे बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले होते. त्याच वर्षी सयाजीरावांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. आणि त्याच न्यूयॉर्कमध्ये, ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्राच्या २१ डिसेंबर १९१३ च्या अंकात आर्थर विन यांनी रचलेले, चौकटीऐवजी शंकरपाळ्याच्या आकाराचे पहिले आधुनिक शब्दकोडे छापून आले. या घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध काहीही नाही, आणि समजावताना तसा तो सुचवूही नये. पण एक सन आठवला की तीन उत्तरे आठवतात, एवढा लाभ पुरेसा आहे.

नोंदलेली गोष्ट आणि सांगोवांगीची गोष्ट यांतील भेदही समजावताना राखावा. ‘बडोद्याचे प्राचीन नाव’ या संकेताला चार घरांत ‘वटपद्र’ आणि पाच घरांत ‘वडपद्रक’ येते. दुसरे रूप इ. स. ८१२ च्या दानपत्रात आढळते. वडाच्या पोटातले म्हणून ‘वटोदर’ आणि त्यावरून वडोदरा, अशी व्युत्पत्ती लोक आवडीने सांगतात. ती सांगण्यास हरकत नाही, पण ‘लोक असे सांगतात’ हे शब्द गाळू नयेत. शंका राहिल्यास मोबाइलवर पहिले जे दिसेल ते खरे मानण्यापेक्षा शब्दार्थासाठी मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश किंवा दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ पाहावा, आणि पुराणकथा व सणवार यांसाठी महादेवशास्त्री जोशी यांचा ‘भारतीय संस्कृतिकोश’.

गुजराती माध्यमातील नातवंडांना समजावताना भाषांतर करत बसू नये. नीर, गज, पंकज, पवन, कनक हे शब्द त्यांना त्यांच्या पाठ्यपुस्तकातून आधीच माहीत असतात. केवळ देवनागरीत शिरोरेषेखाली पाहण्याची सवय नसते. अशा वेळी सोपे संकेत वाचण्याचे काम मुलाकडे द्यावे, घरे मोजण्याचेही त्याच्याकडेच द्यावे आणि जोडाक्षर आले की ते एका घरात का मावते एवढेच सांगावे. जड पर्यायशब्दांसाठी तुम्ही आहातच.

दुसऱ्या दिवशी छापून येणारे उत्तर कोड्यावरूनच ताडून पाहावे. आपला शब्द संकेताला लागू पडत असेल आणि त्याचे सर्व छेद जुळत असतील, तर छापील उत्तर वेगळे आहे म्हणून तो चुकीचा ठरत नाही. एखाद्या अक्षराला छेदच नसेल, तर दोन उत्तरे संभवतात. मात्र आपला शब्द छेदांत जुळत नसेल, तर वाद न घालता नवा शब्द वहीत टिपून घ्यावा. ही वही विषयवार न ठेवता घरांच्या संख्येप्रमाणे ठेवावी: दोन घरांचे एक पान, तीन घरांचे एक, चार घरांचे एक. प्रत्येक शब्दापुढे लांबलचक माहिती न लिहिता त्याच्याशी ज्याचा गोंधळ होऊ शकतो असा दुसरा शब्द आणि दोहोंतला फरक लिहावा, जसे तीन घरांच्या पानावर ‘मांडवी : कुशध्वजाची, ऊर्मिला : जनकाची’ आणि चार घरांच्या पानावर ‘पांचजन्य : कृष्ण, देवदत्त : अर्जुन, शिवाय बुद्धांचा चुलतभाऊ’.